मोडक्या करवतीतून घडणारे हत्यार

घराच्या माळ्यावर एखादी मोडकी करवत, झिजून गुळगुळीत झालेली कानस किंवा दात गेलेले पाते हमखास पडलेले असते. भंगारवाला आला की आपण ते किलोच्या भावाने घालून टाकतो. चार पैसे हाती येतात, माळा मोकळा होतो आणि विषय संपतो. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, जगात असेही कारागीर आहेत की जे अशी मोडकी करवत जिवापाड जपतात, तिच्यातून स्वतःच्या हाताने नवे हत्यार घडवतात आणि त्या हत्याराने जे काम करतात ते दुकानातल्या महागड्या हत्यारालाही साधत नाही. अशाच एका कामाची ओळख आज आम्ही करून देणार आहोत. ते काम म्हणजे शिकारीच्या व नेमबाजीच्या बंदुकीचा लाकडी दस्ता, त्यावरची नक्षी, त्यातले शोभेचे सांधे आणि त्यासाठी खास घडवावी लागणारी हत्यारे.

बंदूक, आणि ती कुटुंबाच्या पानावर? हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो येणे योग्यच आहे. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत पहिलाच शस्त्रांचा आहे; पुढे प्राणी, मांस, मद्य आणि विष. तेव्हा बंदुकीची भलावण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु हुन्नर ही वेगळी गोष्ट आहे. जो हात दस्त्याचा सांधा जुळवतो, तोच हात खुर्ची, सतार, दाराची चौकट, देखणी पेटी यांचाही सांधा जुळवू शकतो. शस्त्र बाजूला ठेवून हुन्नर उचलता येतो. म्हणून हा लेख.

दस्ता म्हणजे नुसता लाकडाचा ठोकळा नव्हे

चांगल्या बंदुकीचा दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो. हे लाकूड वजनाला बेताचे, झटका सोसणारे आणि बारीक नक्षी धरून ठेवणारे. ओंडका कापला की लगेच त्याचा दस्ता करता येत नाही. तो सावलीत वाळवावा लागतो. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुन्या सुतारांचा हिशेब आहे. घाई केली तर लाकूड पुढे आकसते, नळी आणि लाकूड यांच्यात फट पडते आणि नेम चुकतो.

दस्त्याच्या पुढच्या टोकाला, नळीखाली, पुष्कळदा वेगळ्या लाकडाचे बोंड जोडतात. काळेभोर आबनूस किंवा शिसवी त्यासाठी वापरतात. अमेरिकेत रॉय वेदरबी यांनी १९४५ साली सुरू केलेल्या कंपनीच्या बंदुकांवर शिसवीचे तिरके बोंड आणि मधे पांढऱ्या रंगाची बारीक पट्टी ही जणू ओळखच झाली. शिसवी आपल्या सह्याद्रीतलीही. तिच्या जातीच्या सर्व झाडांचा जागतिक व्यापार २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रणाखाली आला आहे. लाकूड मनमानी तोडून विकण्याचे दिवस संपले, हे चांगलेच झाले.

आता खरी गंमत इथे आहे. अक्रोड आणि आबनूस यांचा सांधा सरळ असेल तर एक चांगली करवत पुरते. परंतु कारागिराला तो सांधा गोलाईचा हवा असेल, आणि मधे पांढऱ्या लाकडाची पट्टी बसवायची असेल, तर काय? बाजारात त्या गोलाईचे हत्यार मिळत नाही. ज्याला जी गोलाई हवी, त्याने ते हत्यार स्वतः घडवावे, हाच एक मार्ग.

जमाखर्चाचा साधा हिशेब

हिशेब तपासण्यात दिवस घालवणाऱ्या आमच्यासारख्याला या कामातला हिशेब फार आवडला. समजा, अक्रोडात आत खोलगट गोलाई करायची आहे, तिची त्रिज्या २५ मिलिमीटर. मधली पांढरी पट्टी दीड मिलिमीटर जाडीची. तर आबनुसाच्या बोंडाची फुगीर गोलाई किती त्रिज्येची हवी? नवखा माणूस चटकन म्हणेल, २५. चूक! पट्टीची जाडी वजा केलीच पाहिजे. म्हणजे साडेतेवीस. दोन्हीकडे २५ धरली तर मधे पट्टी सगळीकडे सारखी बसणार नाही. कडांना दाबली जाईल आणि मधोमध फट राहील. म्हणून हत्यारेही दोन लागतात. एक २५ ची फुगीर धार असलेले, खोलगट भाग खरवडण्यासाठी. दुसरे साडेतेवीसची खोलगट धार असलेले, फुगीर भाग खरवडण्यासाठी.

ही हत्यारे मोडक्या करवतीतून होतात. सुताराच्या जुन्या हातकरवतीचे पोलाद असे असते की चांगली कानस त्याला कशीबशी चावते, आणि तरीही ते लाकडावर धार टिकवते. म्हणून त्याला पुन्हा पाणी देण्याची गरज पडत नाही. पात्यावर सुईने गोलाई आखायची. शेगड्यात घट्ट पकडून रेघेच्या जवळपर्यंत कानसायचे. शेवटची रेघ बारीक कानशीने गाठायची. मग तेलाच्या दगडावर दोन्ही बाजू घासून सपाट करायच्या, म्हणजे धारेवर कानशीचे ओरखडे राहत नाहीत. हे पाते लाकडी मुठीत बसवले की झाले हत्यार तयार!

परंतु वापरताना एक पथ्य पाळावे लागते. पाते लाकडावर उभे धरायचे. ते तिरके झाले की गोलाई बदलते, कारण तिरक्या पात्याची खोली लाकडावर कमी उतरते. हत्यार बिनचूक आणि हात चुकार, असे झाले की सांधा बिघडतो. दोष मात्र हत्याराला दिला जातो.

करवतीने आणि जाड कानशीने आधी बहुतेक लाकूड काढून टाकायचे. खास हत्यार फक्त शेवटच्या थोड्या लाकडासाठी ठेवायचे, म्हणजे त्याची धार टिकते. सांधा जुळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी दिव्याची काजळी वापरतात. एका भागाला काजळी माखायची, दुसरा भाग त्यावर दाबायचा आणि उचलून पाहायचे. जिथे काळा डाग लागला तिथे लाकूड उंच आहे. तेवढेच खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणे, पुन्हा खरवडणे. वीस वेळा, तीस वेळा. शेवटी काळा रंग सगळीकडे सारखा उमटतो, तेव्हा सांधा जुळला. बंदुकीचे लोखंड लाकडात बसवतानाही हीच काजळीची रीत आहे. नुसते डिंक-सरसावर भागवणारा कारागीर फट भरतो. काजळीवर विश्वास ठेवणारा फट राहूच देत नाही. तरीही आबनुसात मुळातच तेल असते. ते पुसून काढल्याशिवाय कोणताही चिकट पदार्थ धरत नाही. शिवाय आतून लाकडी खुंट्या घालतात.

चौकड्याची नक्षी आणि कानशीचा पुनर्जन्म

दस्त्याच्या मुठीवर आपण बारीक चौकडा पाहिला असेल. ती नुसती शोभा नव्हे. घामाने वा पावसाने ओला झालेला हात त्यावरून घसरत नाही. ही नक्षी म्हणजे दोन दिशांनी कापलेल्या समांतर खाचा. त्यांच्या छेदातून शेकडो छोटे हिरे उभे राहतात. चांगल्या कामात एकेक हिरा रुंदीच्या तीन ते साडेतीनपट लांब असतो. एका इंचात १६, १८, २०, तर अगदी नाजूक कामात २४ किंवा त्याहूनही अधिक रेघा बसवतात.

इंचाला वीस रेघा म्हणजे दोन रेघांत १.२७ मिलिमीटर अंतर. हे अंतर प्रत्येक वेळी पट्टीने मोजणे शक्य नाही. म्हणून या कामाचे हत्यार दोन ओळींचे असते. एक ओळ आधी कापलेल्या खाचेत चालते, दुसरी ओळ शेजारी नवी खाच पाडते. पुढच्या वेळी नवी खाच जुनी होते. असे पाऊल टाकीत टाकीत सगळे क्षेत्र भरते. आता विचार करा, हत्यार घडवताना त्या दोन ओळींत अंशभर चूक झाली तर? समजा ०.०५ मिलिमीटरची चूक. डोळ्याला दिसणारही नाही. परंतु चाळीस रेघांनंतर तीच चूक दोन मिलिमीटर होते आणि नक्षी ठरलेल्या चौकटीबाहेर जाते. कीर्दीतली पहिल्या पानावरची चूक शेवटच्या पानापर्यंत पुढे ओढली जाते, तसेच हे!

हे हत्यार घडवायला झिजलेली कानस उत्तम. कानशीच्या पोलादात कार्बन भरपूर असतो. परंतु ती इतकी कडक असते की तिला दुसरी कानस लागू पडत नाही. म्हणून आधी तिला मऊ करावे लागते. ती लालभडक तापवायची आणि राखेत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्यायची. सकाळी ती इतकी मऊ होते की कानसता येते. मग तिचा छोटा तुकडा कापून, तिकोनी कानशीने त्याच्या खालच्या बाजूला व्ही अक्षराच्या आकाराच्या दोन ओळी काढायच्या आणि त्यांवर आडवे दात पाडायचे.

व्हीचा कोन ९० अंशांचा असेल तर वीस रेघांच्या नक्षीत खाच सुमारे ०.६ मिलिमीटर खोल जाते आणि हिरे मजबूत राहतात. कोन ६० अंशांचा असेल तर खाच १ मिलिमीटरहून थोडी अधिक खोल जाते. हिरे उठावदार दिसतात, पण भुसभुशीत लाकडात त्यांची टोके तुटतात. कोणत्या लाकडाला कोणता कोन, हे कारागीर अनुभवाने ठरवतो.

आता सगळ्यांत जोखमीचे काम: पाणी देणे. तयार हत्यार पुन्हा तापवायचे, चेरीच्या फळासारखे लाल होईपर्यंत. ओळखायचे कसे? लोहचुंबक जवळ न्यायचे. सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते. त्याहून थोडे अधिक तापवायचे आणि लगेच तेलात बुडवायचे. आता ते काचेसारखे कडक झाले, आणि काचेसारखेच ठिसूळही. हातातून खाली पडले तर तुकडा उडेल. म्हणून ते घासून चकचकीत करायचे आणि पुन्हा मंद आचेवर धरायचे. त्यावर रंग चढू लागतात. सुमारे २२० ते २३० अंशांना फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा. त्यानंतर तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. लाकूड कापणाऱ्या या हत्याराला पिवळ्या रंगावर थांबवायचे. निळ्यापर्यंत जाऊ दिले तर धार लवकर बोथट होते. थोडी कडकी कमी करून थोडा चिवटपणा पदरात घेणे, हा या सगळ्या खटाटोपाचा सार आहे. माणसाच्या स्वभावालाही हे लागू पडते, नाही का?

एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. तापलेले पोलाद तेलात बुडवताना भडका उडू शकतो. म्हणून हे काम उघड्यावर, डोळ्यांना चष्मा लावून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. मुलांना जवळ उभे करू नये. आणि लाकडाच्या भुशाला हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणारी ठरवली आहे. नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध आहे. आमच्या वस्त्यांतून फर्निचरच्या कामाला जाणारी कितीतरी मुले नाकाला रुमालही न बांधता दिवसभर भुशात उभी असतात. मालकाने मास्क दिला नाही तर मागून घ्या. मागण्यात कमीपणा नाही.

यंत्र आले, हात गेला?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात बंदुकांच्या कारागिरांचा एक वेगळा भागच होता. नळी घासणारा वेगळा, चाप घडवणारा वेगळा, दस्ता करणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. छोट्या छोट्या खोल्यांतून काम चाले आणि अर्धवट बंदुका एका दारातून दुसऱ्या दारात फिरत. तेथील बंदुका तपासण्याचे प्रूफ हाउस १८१३ सालच्या कायद्याने उभे राहिले. १९६० च्या दशकात रिंगरोडसाठी त्या वस्तीचा बराचसा भाग पाडला गेला. कारागिरांची वस्ती रस्त्याखाली जाणे ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे.

परंतु हाताला पहिला धक्का त्याआधीच बसला होता. १८१९ साली अमेरिकेत टॉमस ब्लँचर्ड यांनी एक विलक्षण लेथ तयार केले. एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरतो, त्यावरून एक चाक सरकते, आणि त्या चाकाच्या हालचालीबरोबर दुसऱ्या बाजूचे पाते कोऱ्या लाकडातून हुबेहूब तसाच दस्ता कापून काढते. आपल्या नाक्यावरचा किल्लीवाला जशी एका किल्लीवरून दुसरी काढतो, तसाच हा प्रकार. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात ही यंत्रे लागली. त्याच तत्त्वावर पुढे जोड्यांची कलबुते आणि कुऱ्हाडीचे दांडेही निघू लागले. दस्त्याचा बाहेरचा आकार आता यंत्राचा झाला.

नक्षी आणि सांधे मात्र हाताकडेच राहिले. पुढे १९६४ साली विंचेस्टर या अमेरिकन कंपनीने खर्च वाचवण्यासाठी आपल्या मॉडेल ७० बंदुकीवरचा हाताने कापलेला चौकडा काढून टाकला आणि लाकडावर साच्याने दाबून नक्षी उठवली. बंदुकीच्या रचनेतही काटकसर केली. गिऱ्हाइकांनी नाक मुरडले. १९६४ पूर्वीच्या बंदुकांना बाजारात आजही जास्त किंमत मिळते. कंपनीला कापून काढलेली नक्षी पुन्हा आणावी लागली. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचा हा धडा आहे. आता संगणकावर चालणारी यंत्रे आणि लेसरही चौकडा पाडतात. पण जुन्या बंदुकीची मोडलेली नक्षी दुरुस्त करायची असेल, तर प्रत्येक दस्ता वेगळा, प्रत्येक रेघ वेगळी. तेथे आजही घरी घडवलेले हत्यारच लागते.

आणखी एक गोष्ट भगिनींसाठी. बेल्जियममध्ये लिएज शहराजवळ हेर्स्टल येथे बंदुकांचा मोठा कारखाना आहे. तेथे हजारो स्त्रिया यंत्रांवर राबत. मजुरी मात्र पुरुषांपेक्षा कमी. १६ फेब्रुवारी १९६६ रोजी सुमारे तीन हजार स्त्रिया काम बंद करून बाहेर पडल्या. ‘समान कामाला समान वेतन’ ही त्यांची घोषणा. संप बारा आठवडे चालला. तासाला पाच फ्रँक वाढ मागितली होती, पावणेतीन मिळाली. पूर्ण विजय नव्हे. परंतु साऱ्या युरोपात समान वेतनाचा प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर आणला. हुन्नर हातात असून भागत नाही, त्याचे मोल मागण्याची हिंमतही लागते.

आपल्याकडे काय?

बंदुका घडवण्याची परंपरा आपल्या देशातही जुनी आहे. अठराव्या शतकात नवाब मीर कासिमने आपली राजधानी मुंगेरला नेली आणि तेथे शस्त्रशाळा उभारली. बिहारमधील ते गाव पुढे बंदुकांसाठी ओळखले गेले. पश्चिम बंगालमधील इच्छापूरची रायफल फॅक्टरी १९०४ सालची. लाकडी दस्त्याच्या रायफली आमच्या वाडवडिलांनी सैन्यात खांद्यावर वाहिल्या. पुढे इन्सास रायफल आली आणि लाकडाची जागा प्लास्टिकने घेतली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, हेही योग्यच झाले. आणि हे लक्षात ठेवावे की १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे वा दुरुस्त करणे गुन्हा आहे. हौसेखातरही त्या वाटेला जाऊ नये.

मग आपल्या तरुणांनी यातून काय घ्यावे? हत्यार घडवण्याचा हुन्नर घ्यावा! १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा व्यवसाय धरले आहेत. सुतार, लोहार, शस्त्रे बनवणारे आणि हातोडी व हत्यारांचे संच बनवणारे यांचाही त्यांत समावेश आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय कर्ज अशी तरतूद तिच्यात केली आहे. पात्र असलेल्यांनी चौकशी जरूर करावी.

परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या योजनेने पिढीजात घरगुती धंद्यांची यादी केली आहे. हुन्नर मात्र पिढीजात नसतो, तो शिकलेला असतो. ऑस्ट्रियातील फेर्लाख या गावी बंदूक कारागिरीची शाळा १८७८ सालापासून चालू आहे. तेथे कोणाचा बाप कोण होता हे विचारून करवत हातात देत नाहीत. लंडनच्या नामांकित कारखान्यांतूनही उमेदवार पोराला आधी स्वतःची हत्यारे स्वतः घडवायला लावतात, मग अक्रोडाला हात लावू देतात. आपल्याकडे मात्र कोणी कोणते हत्यार धरावे हे जन्मावरून ठरवले गेले, आणि ज्यांच्या हाती झाडू दिला त्यांना पटाशी शिवू दिली नाही. ती बंदी मोडली आहे. आता मोडकी करवत भंगारात घालायची की तिचे हत्यार करायचे, हे ठरवणे आपल्या हाती आहे.

येत्या रविवारी माळा आवरताना एवढे करा. जुनी कानस बाजूला काढा. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला, मुलीला ती दाखवा आणि विचारा, ही मऊ कशी करायची, सांग बघू? उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून जाणत्याकडे जा. स्वतःचे हत्यार ज्याला स्वतः घडवता येते, त्याला कामासाठी कोणाच्या दारात फार वेळ उभे राहावे लागत नाही.